आकाश वाचायला शिकताना

(मंडळाच्या वर्धापनदिनी भगिनींच्या मेळाव्यात केलेले भाषण)



पंधरा दिवसांपूर्वी आपल्या चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "यंदा वर्धापनदिनाला तुम्ही बोलायचे. विमान चालवायला शिकलात ना, त्याचे अनुभव सांगा." मी म्हटले, "अहो, मी काही मोठी वैमानिक नव्हे. हौसेचा परवाना काढला, दोन आसनांचे लहान विमान थोडे दिवस चालवले आणि पुन्हा संसाराला लागले. त्यात सांगण्यासारखे काय आहे?" पण त्या ऐकेनात. त्या गेल्यावर चहाची भांडी विसळता विसळता विचार करू लागले, तेव्हा ध्यानात आले, की परवान्याची मुदत केव्हाच संपली. विमानात बसून सुकाणू धरल्यालाही वर्षे झाली. परंतु त्या विद्येच्या पोटात शिरून जी दुसरी एक विद्या शिकावी लागली, ती मात्र अजून रोज उपयोगी पडते. ती म्हणजे हवामानाची विद्या. सकाळी गॅलरीत उभे राहून मी अजूनही आकाश वाचते. आज त्याबद्दलच चार गोष्टी सांगणार आहे. शेवटी मंडळापुढे एक मागणेही मांडणार आहे, तेवढे ऐकल्यावाचून कोणी उठू नये.

माझे बालपण येथलेच. 1960 मध्ये हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, पाताळगंगेच्या काठी तिचा कारखाना उभा राहिला, आणि त्या रसायनांवरूनच आपल्या वस्तीला रसायनी हे नाव पडले. माझे वडील कारखान्यात नोकरीला होते. थंडीच्या दिवसांत सकाळी मला शाळेत सोडताना ते धुराड्यांकडे बोट दाखवून म्हणत, "बघ, आज धूर वर चढतच नाही. थोडा वर जातो आणि चादर पसरावी तसा आडवा होतो. आज वास येणार." आणि तो वास खरोखरच दहा वाजेपर्यंत नाकात बसे. ऊन तापले, की धूर सुटा होऊन वर जाई. असे का होते, हे वडिलांना सांगता येत नसे आणि मलाही विचारावेसे वाटले नाही. ते कोडे उलगडायला मला वयाची चौतिशी गाठावी लागली.

लग्नानंतर मी पुण्यास गेले, बँकेत नोकरी केली. मुले जरा हाताबाहेर झाली, म्हणजे स्वतःची वेणीफणी स्वतः करू लागली, तेव्हा एके दिवशी मी यांना म्हटले, "मला विमान चालवायला शिकायचे आहे." हे वर्तमानपत्रातून डोके वर काढून म्हणाले, "आधी स्कूटर तरी नीट लावायला शीक." पण नाही म्हणाले नाहीत. सासूबाईंनी मात्र एकच प्रश्न विचारला, "साडी नेसून चालवता येते का?" मी त्यांना सांगितले, की 1936 मध्ये लाहोरला सरला ठकराल नावाच्या एकवीस वर्षांच्या बाईंनी साडी नेसूनच विमान चालवले आणि परवाना मिळवला. आणि आपल्यातल्याच सौदामिनी देशमुख यांनी 1985 मध्ये कलकत्त्याहून सिल्चरला प्रवासी विमान नेले, तेव्हा त्या विमानातले सर्व कर्मचारी स्त्रियाच होत्या. सासूबाई म्हणाल्या, "मग जा. पण संध्याकाळच्या आत घरी ये."

हौशी वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान चाळीस तास उड्डाण करावे लागते आणि लेखी परीक्षा द्यावी लागते. नियम, दिशाशास्त्र, विमान व त्याचे इंजिन, आणि हवामानशास्त्र असे तिचे विषय. मला वाटले होते, की हवामान म्हणजे पाठांतराचा सोपा विषय. आमचे शिक्षक वयस्क होते, हवाई दलातून निवृत्त झालेले. ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाई, इंजिन बिघडले तर ते दुरुस्त करणारा मिस्त्री मी तुम्हाला देईन. हवा बिघडली तर तिला दुरुस्त करणारा मिस्त्री कोठे मिळत नाही. म्हणून हा विषय आधी."

आणि गंमत अशी, की पुस्तक उघडले तेव्हा त्यातल्या निम्म्या गोष्टी मला स्वयंपाकघरात भेटून गेलेल्या होत्या.

पहिली गोष्ट दवबिंदूची. फ्रिजमधल्या थंड पाण्याचा पेला ओट्यावर ठेवला, की त्याला बाहेरून घाम येतो. तो घाम पेल्यातून झिरपत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. तो हवेतल्या वाफेचा असतो. हवा गार होत होत अशा एका अंशाला येते, की तिच्यातली वाफ तिला सांभाळता येत नाही आणि तिचे पाणी होते. त्या अंशाला दवबिंदू म्हणतात. मे महिन्यात मिठाच्या बरणीतले मीठ चिकट होऊ लागले, पापड उन्हातून काढल्यावर तासाभरात मऊ पडू लागले, की समजावे, दवबिंदू वर चढत आहे, समुद्राकडून वाफ येत आहे, आणि वाळवणे आटोपती घ्यावीत.

आता याचा विमानाशी संबंध असा. जमिनीवरची हवा वर चढू लागली, की ती थंड होत जाते, आणि थंड होत होत दवबिंदूला पोचली, की तेथे ढगाचा तळ तयार होतो. त्याचा हिशेब सोपा आहे. हवेचे तापमान आणि दवबिंदू यांत जितक्या अंशांचा फरक, त्याला चारशेने गुणावे. तितक्या फुटांवर ढगाचा तळ. समजा, दुपारी तापमान 32 अंश आणि दवबिंदू 24 अंश आहे. फरक आठ; म्हणजे ढग सुमारे 3200 फुटांवर. आणि जुलैच्या एखाद्या सकाळी तापमान 26 आणि दवबिंदू 25 असेल तर? फरक एक, ढग 400 फुटांवर! माथेरान सुमारे 2600 फूट उंच. ते अशा दिवशी आपल्याला दिसत नाही, हे आपण जन्मभर पाहिलेले आहे. कारण मात्र या दोन आकड्यांत आहे. अंदाजाचा हिशेब आहे हा, तोळामाशाचा नव्हे. पण वैमानिकाचा जीव पुष्कळदा या अंदाजावरच असतो. माणिकगड, इर्शाळगड, प्रबळगड, कर्नाळ्याचा तो अंगठा हे काही ढग आले म्हणून जागचे हलत नाहीत. ते ढगाच्या आत तसेच उभे असतात.

याची फार दारुण उदाहरणे आपल्या मुंबईच्या आसपास घडलेली आहेत. 12 जुलै 1949 रोजी डच कंपनीचे एक मोठे विमान भर पावसाळ्यात मुंबईला उतरताना घाटकोपरच्या टेकडीवर आदळले आणि त्यातली 45 माणसे गेली. 7 जुलै 1962 रोजी रात्री इटलीचे एक विमान मुंबईकडे येताना वेळेआधीच खाली आले आणि जुन्नरच्या बाजूच्या डोंगरावर आदळले. त्यात 94 जण दगावले. शिक्षकांनी आम्हाला या दोन्ही तारखा लिहून घ्यायला लावल्या होत्या. ते म्हणाले, "दोन्ही जुलैतल्या आहेत. जुलैत सह्याद्रीला गृहीत धरायचे नाही."

दुसरी गोष्ट हवेच्या दाबाची. उंच जावे तसतसा हवेचा दाब कमी होतो. माथेरानला पाणी शंभर अंशांना न उकळता साधारण 97 अंशांनाच उकळते, ते त्यामुळे. विमानातले उंची दाखवणारे यंत्र म्हणजे मुळात दाब मोजणारेच यंत्र. ते दाब मोजते आणि उंची सांगते. परंतु दाब हवा बदलली तरीही बदलतो. वादळ जवळ आले, की दाब उतरतो, आणि वैमानिकाने यंत्राची कळ फिरवून नवा दाब लावून घेतला नाही, तर यंत्र खोटे बोलू लागते. दहा एककांनी दाब उतरला, तर आपण खरोखर आहोत त्यापेक्षा सुमारे 280 फूट अधिक उंच आहोत, असे ते दाखवते. दिवाळीत जुन्या वजनकाट्यावर रवा मोजावा आणि करंज्या बिघडाव्यात, तसेच हे. फरक इतकाच, की येथे करंज्या बिघडत नाहीत, माणूस बिघडतो.

तिसरी गोष्ट सह्याद्रीची. नैऋत्येचा वारा समुद्रावरून वाफ घेऊन येतो, कोकणची पट्टी ओलांडतो आणि घाटाच्या भिंतीला थटतो. पुढे जायला वाट नाही, म्हणून वर चढतो. वर चढला, की गार होतो. गार झाला, की भरलेली झोळी रिकामी करतो. म्हणून लोणावळ्याला वर्षाकाठी 4000 मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि पुण्याला मात्र 700 च्या आसपास. घाट उतरून देशावर गेलेला वारा खाली येताना पुन्हा तापतो आणि कोरडा होतो. मी देशावरच्या एका धावपट्टीवर शिकत होते. तेथे आकाश निळे असे, आणि पश्चिमेला घाटमाथ्यावर ढगांची एक पांढरी गादी घातलेली दिसे. त्या गादीखाली माझे माहेर आहे, तेथे आई छत्री घेऊन पाव आणायला निघाली असेल, असे मला दर वेळी वाटे.

विमान चालवणाऱ्यांना हा भेद फार पूर्वीपासून जाचलेला आहे. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन जुहूला विमान उतरवले, ही गोष्ट आपण शाळेत वाचली. परंतु जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, म्हणून पावसाळ्यापुरती ती विमाने पुण्याला, येरवड्याच्या मैदानावर न्यावी लागत, हे शाळेत कोणी सांगितले नव्हते. घाटाच्या अलीकडे चिखल आणि पलीकडे कोरडी जमीन. त्या काळच्या टपालाचे वेळापत्रकही सह्याद्रीच ठरवत होता म्हणायचा!

आणि आता वडिलांच्या त्या धुराचे कोडे. एका डिसेंबरातल्या सकाळी शिक्षकांनी मला विमानातला तापमापक पाहत चढायला सांगितले. सर्वसाधारण नियम असा, की हजार फूट चढले, की हवा सुमारे दोन अंशांनी गार होते. पण त्या दिवशी मी चढत होते आणि तापमान वाढत होते! रात्रभर जमीन गार पडलेली. तिला लागून असलेली हवाही गार आणि जड. तिच्यावर मात्र उबदार हवेचे झाकण. त्याला तापमानाची विपरीतता म्हणतात. खाली पाहिले, तर एका कारखान्याचा धूर त्या झाकणाला टेकून सपाट पसरलेला होता. मी तेथे, दीड हजार फुटांवर, मोठ्याने म्हटले, "बाबा, कळले!" शिक्षकांनी विचारले, "काय कळले?" मी म्हटले, "रसायनीला सकाळी वास का येतो ते." ऊन तापून जमीन गरम झाली, की झाकण मोडते. दम्याच्या माणसाने थंडीत भल्या पहाटे फिरायला न जाता ऊन आल्यावर जावे, असे मी आपल्या मंडळात सांगत असते, त्याचे मूळ या उड्डाणात आहे.

अभ्यासासाठी पुण्यातल्या वेधशाळेची माहिती वाचताना मला आणखी एका बाईंची ओळख झाली. 1928 मध्ये हवामान खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आले; शिवाजीनगरच्या त्या चौकाला लोक अजून सिमला ऑफिसच म्हणतात. तेथे 1948 मध्ये अण्णा मणी नावाच्या बाई रुजू झाल्या. जन्म 1918 चा, त्रावणकोरातल्या पीरमेडचा. आठव्या वाढदिवसाला घरच्यांनी हिऱ्याच्या कुड्या देऊ केल्या, तर या मुलीने त्या नाकारून ज्ञानकोश मागितला. स्वातंत्र्यापूर्वी साधी हवामानयंत्रेही परदेशातून आणावी लागत. अण्णा मणींनी सुमारे शंभर यंत्रांचे आराखडे प्रमाणित करून ती येथेच तयार होतील अशी व्यवस्था लावली. 1976 मध्ये त्या खात्याच्या उपमहासंचालकपदावरून निवृत्त झाल्या. चुकीचे मोजण्यापेक्षा न मोजलेले बरे, अशी त्यांची शिस्त होती, असे त्यांच्याबद्दल वाचले, की मला आमच्या आईचे मापटे आठवते. भगिनींनो, मोजणे हे बायकांचे कामच आहे. आपण ते फक्त डाळ-तांदळापुरते ठेवले.

आता माझ्या फजितीची गोष्ट सांगते. कारण फजिती सांगितल्यावाचून अनुभव सांगितला, असे होत नाही.

2005 चा मे महिना होता. मला एकटीने विमान घेऊन दुसऱ्या गावच्या धावपट्टीवर जाऊन परत यायचे होते. निघायचे होते सकाळी आठला. त्या गावाजवळ माझा भाऊ राहतो. तो, वहिनी आणि मुले धावपट्टीच्या कुंपणाशी आत्याला पाहायला येणार होती. वहिनीने पुरणाचा घाट घातला होता. सकाळी विमानाची बॅटरी उतरली. ती बदलण्यात बारा वाजले. वेधशाळेचा अंदाज होता, की दुपारनंतर गडगडाटी पाऊस होईल. शिक्षक म्हणाले, "जायचे की नाही, हे आज तुम्ही ठरवा. मी ठरवणार नाही." मी घड्याळ पाहिले. मनात म्हटले, दुपार म्हणजे काही बारा नव्हेत. आणि निघाले.

वीस मिनिटांत समोर उजव्या बाजूला एक ढग दिसला. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा, पांढराशुभ्र, कडा कापून काढल्यासारख्या. असा ढग म्हणजे काय, ते मला परीक्षेत दहा गुणांना लिहिता आले असते. तापलेली दमट हवा वर चढते. वाफेचे पाणी होताना तिच्यात दडलेली उष्णता बाहेर पडते. त्या उष्णतेने हवा अधिकच जोराने चढते, आणि ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच जातो. वर तो लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट पसरला, की समजावे, वादळ पुरते पिकले. पाऊस कोसळू लागला, की त्याबरोबर गार जड हवाही खाली आदळते आणि अंगणात बादली ओतल्यावर पाणी जसे चहूकडे पसरते, तशी जमिनीवरून पसरते. हे सर्व मला पाठ होते. आणि तरीही मी पुढेच जात राहिले. का? कारण कुंपणाशी मुले उभी होती. कारण सासूबाईंनी शेजारणींना सांगून ठेवले होते. कारण परत गेले, तर लोक म्हणतील, बाईमाणूस, घाबरली.

आणखी दहा मिनिटे गेली. ढगाच्या डोक्यावर ऐरण दिसू लागली. जमिनीवरून तपकिरी धुळीची एक भिंत येताना दिसली. विमान असे हलू लागले, जसे सुपात दाणे. तेव्हा मात्र माझे डोके ठिकाणावर आले आणि मी वळले. येताना ते वादळ माझ्या पाठीमागे चालत आल्यासारखे वाटत होते. धावपट्टी दिसली, तेव्हा घाईघाईने सरळ उतरायला गेले. विमान टेकेचना; अर्धी धावपट्टी खाली निघून गेली. मग माझे लक्ष वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे गेले. जाताना होता त्याच्या नेमका उलटा वारा झाला होता. मी वारा पाठीशी घेऊन उतरत होते. पुन्हा जोर देऊन विमान उचलले, फेरी मारली, दुसऱ्या बाजूने आले आणि उतरले. चाके टेकली तेव्हा काचेवर पहिले थेंब पडले. शिक्षक एकटे धावत आले. आम्ही दोघांनी विमान दोरांनी बांधले, आणि दहा मिनिटांत आवळ्याएवढ्या गारा पडल्या.

छपराखाली उभे असताना ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "परत फिरलात, हे चांगले केलेत. पण पहिला ढग दिसला तेव्हाच का नाही फिरलात?" मला उत्तर देता आले नाही. पुरणपोळी आणि चार लोक हे उत्तर मी कोणत्या तोंडाने देणार? ते म्हणाले, "बाई, तुम्हाला हवामान येत होते. तुम्हाला परत फिरणे येत नव्हते. ते दुसरे शास्त्र आहे, आणि ते पुस्तकात नसते." त्या रात्री मला झोप आली नाही. माझ्या दोन मुलांची तोंडे डोळ्यांपुढे येत राहिली. ती दहा मिनिटे मी अजून विसरलेले नाही.

पुढे दोनच महिन्यांनी 26 जुलैचा तो पाऊस झाला. मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि त्याच दिवशी कुलाब्याला फक्त 73. एकाच शहरात! कुलाब्याच्या बाईला शेजारच्या उपनगरात काय चालले आहे, याची कल्पनाही नसेल. त्या दिवशी मला कळले, की रेडिओवर आकडा ऐकला, म्हणजे आपल्या दारातला पाऊस कळला, असे नव्हे.

आणि आता ज्याच्यासाठी हे सारे सांगितले, ती गोष्ट. ती बोलताना माझा आवाज जड होईल, त्याची क्षमा असावी.

निवृत्तीनंतर मी येथे परत आले. 19 जुलै 2023 ची रात्र आपल्यापैकी कोणीही विसरलेली नाही. इर्शाळगडाच्या पोटातली इर्शाळवाडी, आपल्या ठाकर बांधवांची वाडी, झोपेत दरडीखाली गेली. 27 मृतदेह हाती लागले. 57 माणसे सापडलीच नाहीत. चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. त्या वाडीला गाडीरस्ता नव्हता. मोठी यंत्रे वर नेता येईनात. माणसे चिखलातून डोंगर चढून गेली आणि हातांनी माती उपसत राहिली. आपल्यातल्या कितीतरी जणींनी त्या दिवशी पोळ्या लाटल्या, पांघरुणे बांधली. मी गॅलरीत उभी होते. मदतीसाठी हेलिकॉप्टरे तयार ठेवलेली होती. पण हवा इतकी खराब होती, की त्यांना उडता आले नाही. मी वर पाहिले. डोंगर ढगात पायथ्यापर्यंत बुडालेला. मला तो हिशेब आठवला: फरक एक अंशाचा, ढग चारशे फुटांवर. कोणत्याही वैमानिकाला शहाणपणाने नाहीच म्हणावे लागले असते. विमानविद्या शिकलेली मी, त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट समजले, की जेव्हा आकाशातून मदत हवी असते, नेमके तेव्हाच आकाश बंद असते. म्हणून जे करायचे, ते त्याच्या आधी करावे लागते.

ती वाडी दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत नव्हती, असे त्या वेळी सरकारतर्फे सांगण्यात आले. म्हणजे यादीवर विसंबून भागत नाही. मी तेथल्या माणसांना दोष देत नाही. रात्री, पावसात, लेकरांना घेऊन घर सोडणे सोपे आहे, असे म्हणणारीने आधी ते करून पाहावे. मी तर नुसत्या पुरणपोळीपायी परत फिरत नव्हते! घर, शेळ्या, दाणागोटा सोडून खाली येणे याच्या शतपट कठीण. म्हणूनच ते एकटीने ठरवण्याचे काम नव्हे. ते चौघींनी आधी ठरवून ठेवण्याचे काम आहे.

म्हणून माझे मंडळाकडे मागणे आहे. आपल्या मंडळाच्या अंगणात, झाडांपासून आणि भिंतीपासून दूर, एक पर्जन्यमापक बसवावा. तो महाग नसतो. रोज सकाळी साडेआठ वाजता, जी वेळ सरकारी वेधशाळाही पाळतात, पाणी मोजावे आणि वहीत लिहावे. पाळी लावून घेऊ; हळदीकुंकवाची लावतो तशी. चोवीस तासांत 64.5 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, तर हवामान खाते त्याला जोरदार म्हणते, 115.6 पासून पुढे अति जोरदार; 204.4 च्या वर अत्यंत जोरदार. एक मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी. 200 मिलिमीटर म्हणजे आपल्या चौरस मीटरभर ओट्यावर पंधरा लिटरचे तेरा हंडे! आणि एक एकर उतारावर दहा हजार लिटरचे ऐंशी टँकर. एवढे पाणी डोंगराच्या मातीत मुरले, की माती जड होते, तिची खडकावरची पकड सुटते आणि ती निघते.

डोंगराच्या पायथ्याशी आणि उतारावर राहणाऱ्या ज्या भगिनी आपल्या मंडळात आहेत, त्यांना मी तीन-चार खुणा सांगते. जमिनीला नवी भेग पडणे, विजेचा खांब किंवा झाड कलणे, दार-खिडकी एकाएकी अडकू लागणे, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे किंवा नवाच झरा फुटणे. यांतली एक जरी दिसली आणि पाऊस थांबत नसेल, तर उजेड असतानाच खाली यावे, आणि ग्रामपंचायतीला व तहसील कचेरीला कळवावे. फोनवर हवामान खात्याचे "मौसम" आहे, विजेची सूचना देणारे पुण्याच्या संस्थेचे "दामिनी" आहे. ते सुनेकडून, नातवाकडून बसवून घ्यावे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा, एवढे रंग पोरीबाळींनाही पाठ असू द्यावेत. आणि ज्या घरी खाली यायचे, ते घर आजच ठरवून ठेवावे. माझ्या घरी दोन खोल्या आहेत. यादीत पहिले नाव माझे लिहा. मध्यरात्री कोणी दार वाजवले आणि सकाळपर्यंत काहीच झाले नाही, तर मी चहा करीन आणि म्हणेन, "बरे झाले आलात." कोणीही "उगीच घाबरलात" म्हणायचे नाही. मला त्या दहा मिनिटांत याच एका शब्दाची भीती होती.

मैत्रिणींनो, पनवेलच्या पलीकडे उलव्याला 2025 च्या ऑक्टोबरात नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले. विमाने आता आपल्याला परकी राहिलेली नाहीत. आपल्या मुलींपैकी कोणी उद्या वैमानिक होईल, कोणी वेधशाळेत जाईल. त्यांना अवश्य पाठवा. पण तिची वाट न पाहता, येत्या जूनच्या पहिल्या तारखेपासून आपण साठीच्या बायकांनीही एक काचेचे मापटे आणि एक शंभर पानी वही घेऊन सुरुवात करू या. पहिल्या आठवड्याची पाळी मी घेते.